कायद्याआधीचा उपप्रश्न

१४ सप्टेंबर २०२०. कोविडच्या भीतीत संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले तो दिवस. त्या दिवशीच्या लोकसभेच्या लेखी प्रश्नांत एक प्रश्न असा होता: टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजुरांचा जीव गेला, राज्यवार आकडे काय आहेत आणि त्यांच्या कुटुंबांना सरकारने काही भरपाई किंवा मदत दिली आहे काय? कामगार मंत्रालयाचे उत्तर पटलावर आले. अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि भरपाईच्या भागापुढे लिहिले होते: वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही.

हे उत्तर मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ८ मेची पहाट डोळ्यांपुढे आली. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांच्या कडेने चालत निघालेले, थकून करमाडजवळ रुळांवरच आडवे झालेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्या शिदोरीतल्या पोळ्या खडीवर विखुरल्या होत्या. महाराष्ट्रात तो फोटो कुणी विसरले असेल असे मला वाटत नाही. त्या सोळा जणांची नोंद पोलिसांकडे होती, रेल्वेकडे होती, वर्तमानपत्रांकडे होती. कामगार मंत्रालयाचे उत्तर आले त्याच आठवड्यात रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जण मृत्यू पावले. म्हणजे एका मंत्रालयाकडे निदान एक आकडा होता आणि दुसरे मंत्रालय म्हणत होते की आकडे ठेवतच नाही.

या उत्तरावर तेव्हा पुष्कळ संताप झाला. पण त्या संतापात एक गोष्ट मागे पडली आणि मला आज तिच्याबद्दलच बोलायचे आहे. हे उत्तर आल्यावर पाचव्या दिवशी, १९ सप्टेंबरला, सरकारने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेचे नवे विधेयक लोकसभेत मांडले. २२ तारखेला ते लोकसभेत मंजूर झाले, २३ तारखेला राज्यसभेत. त्या दिवशी विरोधक बाहेर होते. आठ खासदारांच्या निलंबनावरून त्यांनी बहिष्कार घातला होता. या संहितेने १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा पोटात घेतला. जुना कायदा असे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. नव्या संहितेत ही मर्यादा दहा झाली. दुसरीकडे व्याख्या रुंदावली: ठेकेदारामार्फत न येता स्वतःहून कामाला आलेला मजूरही तिच्यात बसू लागला, आणि हे चांगलेच झाले. त्यासाठी १८,००० रुपये महिना ही वेतनमर्यादा ठरली.

आता सभागृहात एखादा खासदार उभा राहिला असता आणि त्याने एवढेच विचारले असते तर? 'मंत्रिमहोदय, परवा आपण सांगितलेत की किती मजूर मेले याची माहिती आपण ठेवत नाही. मग पाचाची मर्यादा दहा केल्याने किती मजूर कायद्याच्या बाहेर पडतील, हा आकडा आपण कुठून आणला?'

असा प्रश्न विचारायला त्या अधिवेशनात जागाच नव्हती. कारण प्रश्नोत्तराचा तास नव्हता.

कोविडच्या काळात अधिकाऱ्यांची संसदेत गर्दी नको, असे कारण सरकारने दिले होते. आधी तर प्रश्नच नकोत असे ठरत होते. विरोधकांनी आवाज उठवल्यावर लेखी प्रश्नांना परवानगी मिळाली. शून्य प्रहर अर्ध्या तासावर आला. साथीची अडचण खरी होती, ती मी नाकारत नाही. पण त्याच अधिवेशनात, अवघ्या दहा दिवसांत, तीन कामगार संहिता आणि तीन कृषी विधेयके मंजूर करून घ्यायला साथ आड आली नाही. कायदे करता येतात पण त्यांबद्दल मंत्र्याला तोंडी विचारता येत नाही, ही स्थिती मला कोणत्याही साथीत मान्य होण्यासारखी वाटत नाही.

प्रश्नोत्तराचा तास हे नाव आपण इतक्यांदा ऐकतो की तो चालतो कसा याकडे लक्ष जात नाही. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास, सकाळी अकरा ते बारा, प्रश्नांचा असतो. राज्यसभेत नोव्हेंबर २०१४ पासून तो दुपारी बाराला सरकवला गेला. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. साधारणपणे किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न कितव्या क्रमांकावर येणार हे सोडतीने ठरते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि मग उपप्रश्न, म्हणजे त्या उत्तरावर तिथल्या तिथे तोंडी विचारलेले पुढचे प्रश्न, सुरू होतात. सगळा जीव या उपप्रश्नांत आहे.

लेखी उत्तर मंत्री लिहीत नाही. कक्ष अधिकारी मसुदा करतो, अवर सचिव सुधारतो, सहसचिव त्यातला धोकादायक शब्द काढतो, सचिव सही करतो. दहा हातांतून गेलेले ते वाक्य गुळगुळीत झालेले असते. तारांकित प्रश्नासाठी मंत्र्याला जाडजूड टिपणी मिळते, अधिकारी दीर्घेत बसलेले अधिकारी चिठ्ठ्या पाठवतात, सगळे खरे. पण उपप्रश्न कुठून येईल हे कुणालाच ठाऊक नसते. त्या क्षणी मंत्र्याला विषय कळला आहे की नाही, हे सभागृहाला दिसते. अध्यक्षांना दिसते. समोरच्या बाकांना दिसते आणि मागच्या बाकांवरच्या त्याच्याच पक्षाच्या लोकांनाही दिसते. तयारी नसेल तर महाराष्ट्राच्या विधानसभेत अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, आणि ती मंत्र्यासाठी मोठी नामुष्की असते.

इंग्रजांना हे नेमके ठाऊक होते. १८९२ च्या कायद्याने त्यांनी हिंदी सभासदांना कौन्सिलात प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, पण उपप्रश्नाचा दिला नाही. १८९५ मध्ये टिळक मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले, १८९९ मध्ये गोखले गेले. प्रश्न विचारायचा, सरकारी उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे, एवढीच मुभा त्यांना होती. उपप्रश्नाचा हक्क मिळायला १९०९ उजाडले, आणि तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदालाच. सतरा वर्षे परक्या सरकारने जी गोष्ट हातची सोडली नाही, ती आपल्या निवडून आलेल्या सरकारने एका अधिवेशनापुरती का होईना काढून घ्यावी, याचे मला फार वाईट वाटते.

आणि ते एका अधिवेशनापुरते राहिले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेचे विशेष अधिवेशन झाले. त्यातही प्रश्नोत्तराचा तास नव्हता, आणि या वेळी साथीचे कारणही नव्हते. त्या अधिवेशनात महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती आली. १९ सप्टेंबरला मांडली गेली, २० तारखेला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी आणि २१ तारखेला राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. हा कायदा व्हायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९९६ मध्ये पहिल्यांदा मांडलेले विधेयक, २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन पुन्हा अडकलेले. तीन पिढ्यांतल्या बायकांनी त्याची वाट पाहिली. पण त्याआधीची काही वर्षे संसदेत या विधेयकाबद्दल जेव्हा जेव्हा विचारले गेले, तेव्हा कायदा मंत्रालयाचे उत्तर जवळपास एकाच आशयाचे होते: सर्व राजकीय पक्षांच्या सहमतीच्या आधारे या विषयाचा काळजीपूर्वक विचार होणे आवश्यक आहे. मग एके दिवशी अचानक विधेयक आले आणि तीन दिवसांत मंजूर झाले. सहमती कधी झाली, कोणाशी बोलणी झाली, या आधीच्या उत्तरांचे पुढे काय झाले, हे विचारायला तास नव्हता.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरक्षण कधी लागू होणार, हा प्रश्न. दुरुस्तीत लिहिले होते की कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर मतदारसंघांची पुनर्रचना होईल आणि त्यानंतर आरक्षण अमलात येईल. २०२१ ची जनगणना तोवर झाली नव्हती आणि तिची तारीखही जाहीर नव्हती. चर्चेत हा मुद्दा अनेक सभासदांनी मांडला, उत्तरेही मिळाली. पण चर्चेतले उत्तर आणि उपप्रश्नाचे उत्तर यांत फरक असतो. चर्चेला मंत्री शेवटी एकदाच उत्तर देतो. चाळीस मुद्द्यांपैकी त्याला सोयीचे सात निवडतो. उपप्रश्नात निवड करता येत नाही. 'जनगणना कोणत्या महिन्यात?' असे विचारल्यावर एक तर महिना सांगावा लागतो, नाही तर सांगता येत नाही हे कबूल करावे लागते, आणि दोन्ही गोष्टी कामकाजात कायमच्या नोंदल्या जातात.

कृषी कायद्यांची कहाणी सर्वांना पाठ आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. ५ जून २०२० ला अध्यादेश, सप्टेंबरात विधेयके, २० सप्टेंबरला राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदान. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकरी दिल्लीच्या सीमांवर येऊन बसले. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन झालेच नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत चर्चेविना रद्द. हे कायदे चांगले होते की वाईट, यावर महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनांतच दोन तट होते. शरद जोशींच्या विचारातून आलेली मंडळी बाजार खुला करण्याच्या बाजूने बोलत होती, तेही मनापासून. मला इथे तो वाद उकरायचा नाही. पण हमीभावाचे काय, वाद झाल्यास दिवाणी न्यायालयाचा रस्ता का बंद, बाजार समितीबाहेरच्या व्यापाऱ्याची नोंदणी कशी, हे तीन प्रश्न जर जुलै-ऑगस्टात कृषिमंत्र्यांना सभागृहात उभे करून विचारले गेले असते, तर काय झाले असते? कदाचित उत्तरे देताना मंत्रालयालाच विधेयकातल्या भेगा दिसल्या असत्या. कदाचित उत्तरे इतकी पटण्यासारखी असती की आंदोलन एवढे पेटले नसते. जे सभागृहात विचारता आले नाही ते वर्षभर रस्त्यावर, थंडीत, उन्हात विचारले गेले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की येऊ घातलेल्या कायद्याबद्दल मंत्र्याने सभागृहात उभे राहून, उपप्रश्न झेलत उत्तर देणे ही कायदा करण्याच्या प्रक्रियेतलीच एक पायरी मानली पाहिजे. पहिल्या वाचनाइतकीच पक्की. विधेयक मांडले जाते तेव्हा सरकारची प्रतिष्ठा त्याला चिकटलेली असते, पक्षादेश निघालेला असतो, माघार घेणे म्हणजे हरणे असते. त्याआधी, मसुदा अजून ओला असताना, मंत्री 'हा मुद्दा बरोबर आहे, पाहतो' असे म्हणू शकतो. पुढच्या टप्प्यावर तेच वाक्य त्याला जड जाते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. मंत्रिमंडळाने निर्णय घेण्याआधी मंत्र्याने बोलू नये. त्याने गोपनीयतेची शपथ घेतलेली असते. कराचा दर आधी फुटला तर साठेबाजी होते. एखाद्या प्रकल्पाचा भूसंपादनाचा बेत आधी कळला तर जमिनींचे सौदे रातोरात होतात. हे सगळे खरे आहे. पण कायद्याच्या तयारीत गुपित असते ते थोडे. कोणत्या अडचणीवर हा कायदा हवा आहे, ती अडचण किती मोठी आहे याची आकडेवारी काय, सध्याच्या कायद्याने ती का सुटत नाही, कोणाकोणाशी बोललात, मसुदा लोकांपुढे कधी येणार, या पाच गोष्टींत मंत्रिमंडळाचे कोणते गुपित आहे? शपथ निर्णयाची गोपनीयता सांगते. अडचणीची गोपनीयता ती सांगत नाही.

शिवाय सरकारने स्वतःच हे मान्य केलेले आहे. २०१४ च्या सुरुवातीला केंद्राने विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण ठरवले. प्रस्तावित कायद्याचा मसुदा किंवा निदान त्याची माहिती किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायची, कायदा का हवा हे सांगायचे, आर्थिक परिणाम सांगायचे, आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करायचा. धोरण उत्तम आहे. पण ते कायदा नाही, आणि न पाळल्यास कोणाचेही काही बिघडत नाही.

डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे पाहा. २०१७ मध्ये समिती नेमली, २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, २०१९ च्या डिसेंबरात विधेयक, मग संयुक्त समिती, ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयक मागे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, सूचना मागवल्या गेल्या आणि सोबत सांगितले गेले की आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत. हजारो लोकांनी, संस्थांनी, कंपन्यांनी लिहून पाठवले. कोणी काय मागितले आणि कोणाचे ऐकले गेले, हे आपल्याला कळले नाही. ३ ऑगस्ट २०२३ ला विधेयक मांडले, ९ तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. या कायद्यातल्या एका कलमाने माहिती अधिकार कायद्यातले व्यक्तिगत माहितीबद्दलचे कलम बदलले. आधी त्यात व्यापक लोकहित असेल तर माहिती देण्याची सोय त्याच कलमात लिहिलेली होती, ती काढली. रेशन दुकानाची यादी, रोजगार हमीची हजेरी, ठेकेदारांची नावे मागून भ्रष्टाचार उघडा पाडणाऱ्या माणसाला या बदलाचा अर्थ लगेच कळतो. सरकारचे म्हणणे होते की लोकहिताचे दुसरे कलम शाबूत आहे. असेल. पण मग हे शब्द काढायची मागणी कोणी केली होती? सूचना उघड नसल्यावर याचे उत्तर फक्त एकच माणूस देऊ शकतो, आणि तो मंत्री आहे.

याउलट एक उदाहरण आपल्याकडचेच. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले. पुढे ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये बदललेल्या शब्दांसह ते मंजूर झाले. अंतिम कायद्यावर आजही अनेकांचे गंभीर आक्षेप आहेत आणि त्यातले काही मलाही पटतात. तरी वर्षभर विधेयक लोकांपुढे राहिले, त्यामुळे त्याच्या शब्दाशब्दावर गावोगावी बोलले गेले, हे मान्य करायला हवे. विरोध करणाऱ्यालाही आपण कशाला विरोध करतो आहोत हे नेमके माहीत होते. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) १६ टक्के. समितीचा दरवाजा असा अरुंद होत असताना प्रश्नोत्तराच्या तासाची गरज वाढते.

आता त्या एका शब्दाबद्दल, ज्याच्यावर ही सगळी व्यवस्था अडते. 'विचाराधीन आहे.'

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नांच्या याद्या मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. त्यांची भाषा आता कानात बसली आहे. '(१) अमुक अमुक झाले आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय?' आणि समोर उत्तर: '(१) हे अंशतः खरे आहे. (२) बाब शासनाच्या विचाराधीन आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.' कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हे क्वचितच कळते. ज्या तलाठ्याने, आशासेविकेने, गिरणी कामगाराच्या मुलाने आमदाराच्या मागे लागून तो प्रश्न लावून घेतलेला असतो, तो ते उत्तर घेऊन घरी काय सांगत असेल, असा विचार मनात येतो आणि जीव खंतावतो.

पण 'विचाराधीन' हा शब्द आपल्या संसदेत रिकामा नाही. त्याला वजन देऊन ठेवलेले आहे. १ डिसेंबर १९५३ ला लोकसभेत शासकीय आश्वासनांवरील समिती सुरू झाली. तेव्हा अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. मूळ घराणे रत्नागिरीकडचे, कर्मभूमी अहमदाबाद; अध्यादेशांच्या सवयीबद्दल पंतप्रधान नेहरूंनाच पत्र लिहून खडसावणारा हा माणूस. मंत्री सभागृहात कोणते शब्द बोलला की ते आश्वासन धरायचे, याची यादीच संसदेने केली. 'बाब विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालीन', 'माहिती मिळवून सभागृहाला देण्यात येईल' ही वाक्ये तिच्यात आहेत. असे आश्वासन तीन महिन्यांत पुरे करायचे असते. राज्यसभेतही १९७२ पासून अशी समिती आहे. म्हणजे मंत्री 'विचाराधीन' म्हणाला की तीन महिन्यांनी त्या विचाराचे काय झाले हे सांगणे त्याच्यावर बंधनकारक होते. प्रत्यक्षात मंत्रालये मुदतवाढ मागतात, आश्वासन यादीतून वगळण्याची विनंती करतात आणि वर्षे जातात. व्यवस्था आहे, तिचा वापर मागे पडला आहे. ही समिती दर अधिवेशनात कायद्यांविषयीच्या प्रलंबित आश्वासनांचा वेगळा अहवाल देऊ लागली आणि त्यावर अर्धा तास चर्चा झाली, तर मंत्रालयांतल्या त्या दहा हातांना उत्तराचा मसुदा लिहितानाच भान राहील.

मंत्र्याचे उत्तर चुकीचे असेल तर? लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश क्रमांक ११५ खाली सभासद ती चूक अध्यक्षांच्या नजरेस आणू शकतो. हक्कभंग मात्र तेव्हाच, जेव्हा दिशाभूल जाणूनबुजून केल्याचे दिसते. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने मार्च १९९७ मध्ये ठरावच केला की मंत्र्याने संसदेला अचूक आणि खरी माहिती द्यावी, अनवधानाने झालेली चूक लवकरात लवकर सुधारावी आणि जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्याने राजीनामा देणे अपेक्षित आहे. २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी, स्थलांतरितांना परत पाठवण्याच्या उद्दिष्टांबद्दल संसदीय समितीची अनवधानाने दिशाभूल झाल्याचे सांगून पद सोडले. आपल्याकडे असे घडतच नाही असे नाही. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सव्वा कोटीच्या आसपासच्या रकमेवरून लोकसभेत प्रश्न आले, अर्थमंत्र्यांच्या उत्तरांनी समाधान झाले नाही, सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधींनी विषय लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. एका प्रश्नाच्या असमाधानकारक उत्तरातून हे सारे सुरू झाले होते.

यात विरोधी बाकांची जबाबदारी लपवणे अप्रामाणिक ठरेल. प्रश्नोत्तराचा तास सरकारने रद्द केला तर आपण बोलतो. पण तोच तास घोषणांनी, फलकांनी, अध्यक्षांच्या आसनापुढे धाव घेऊन किती वेळा बुडतो, याचा हिशेब विरोधकांनीही द्यायला हवा. नोव्हेंबर २००९ मध्ये तर प्रश्न विचारणारे सभासदच गैरहजर असल्याने लोकसभेत हा तास कोलमडला होता. गदारोळ घालणाऱ्यांची बाजू मी ऐकली आहे: आम्हाला बोलूच देत नाहीत, मग दुसरे करणार काय? पण गोंधळात बुडालेला तास हा मंत्र्यासाठी सर्वांत सोयीचा तास असतो. उत्तर पटलावर ठेवलेले मानले जाते आणि उपप्रश्न टळतो. ज्याला सरकारला अडचणीत आणायचे आहे त्याने आपल्या हाताने त्याची सुटका करू नये.

प्रश्न विचारण्याची तयारीही लागते. मधू लिमये निवडून यायचे बिहारमधून, पण संसदेच्या नियमांचे पुस्तक त्यांच्याइतके घोटलेला माणूस विरळा. बॅ. नाथ पै आणि नंतर मधू दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून जाऊन लोकसभेत जे बोलले-विचारले, त्याला सत्ताधारी घाबरायचेही आणि आदरही करायचे. 'सरकार अमुक कायदा आणणार आहे काय?' हा कच्चा प्रश्न आहे. त्याला 'विचाराधीन' हेच उत्तर येणार. 'अमुक अडचणीबद्दल गेल्या तीन वर्षांत मंत्रालयाकडे किती तक्रारी आल्या, कोणत्या राज्यांनी लेखी मत कळवले, ते मत काय होते आणि मसुदा कोणत्या तारखेला लोकांपुढे ठेवणार?' हा पक्का प्रश्न. त्यातून निसटायला मंत्र्याला निदान खोटे बोलावे लागते किंवा माहिती नाही हे मान्य करावे लागते. लोकसभेच्या नियमांत काल्पनिक प्रश्नाला, मत विचारणाऱ्या प्रश्नाला मनाई आहे, त्यामुळे 'असा कायदा आला तर' असे विचारलेले प्रश्न दाखल होतानाच गळतात. आकडे आणि तारखा मागितलेले प्रश्न गळत नाहीत.

मागणी फार मोठी नाही. ज्या अधिवेशनात विधेयके मांडली जाणार, त्या अधिवेशनात तारांकित प्रश्नांचा तास असलाच पाहिजे, असा नियम दोन्ही सभागृहांनी करावा. तो स्थगित करायचा तर त्या काळात नवी विधेयकेही नकोत. विधेयक मांडण्याआधी संबंधित मंत्रालयाने त्या विषयावर गेल्या दोन वर्षांत दिलेली सर्व उत्तरे विधेयकासोबत जोडावीत, म्हणजे आधी काय सांगितले होते आणि आता काय आणले आहे हे प्रत्येक सभासदाला एका जागी दिसेल. आणि अधिवेशन चालू असताना नव्या कायद्याची घोषणा पत्रकार परिषदेत किंवा समाजमाध्यमावर आधी करण्याचा पायंडा बंद व्हावा. सभागृहाला ते आधी कळण्याचा मान आहे, तो मान पाळणारे मंत्री या देशाने पाहिले आहेत.

कामगारांच्या सुरक्षेची ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. करमाडच्या रुळांवर झोपलेल्या त्या मजुरांसारखे आजही लाखो लोक जालन्याच्या पोलाद कारखान्यांत, भिवंडीच्या मागांवर, मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर परराज्यांतून आलेले आहेत. ज्याच्या साइटवर असे सातच जण आहेत, तो ठेकेदार जुन्या कायद्यात बसत होता, स्थलांतरितांसाठीच्या नव्या तरतुदींत बसत नाही. पाचाचे दहा का झाले? येत्या अधिवेशनात कोणीतरी हा तारांकित प्रश्न लावावा. सोडतीत क्रमांक वर आला नाही तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा लावावा.